भारतीय अलंकरणातील फुले, पाने व वेल : ख्रिस्तमंदिराच्या सजावटीच्या दृष्टीने काही विचार

नवे ख्रिस्तमंदिर उभे राहत असो किंवा जुन्याचा जीर्णोद्धार निघालेला असो, सजावटीचा प्रश्न कधी तरी पुढे येतोच. टॅबर्नॅकलच्या दारावर कोणती आकृती घ्यावी, वेदीच्या दर्शनी भागावर काय कोरावे, मिस्सावस्त्रांवर कोणती वेलबुट्टी भरावी, हे कोणाला तरी ठरवावे लागते. कारागीर आपली नमुन्यांची वही पुढे करतो. तीत कमळ असते, कुयरी असते, द्राक्षवेल, डाळिंब, आम्रपर्णांचा कलश असतो. धर्मगुरू एका नमुन्यावर बोट ठेवतात आणि पुष्कळदा वादाला तेथूनच तोंड फुटते. ‘कमळ हे लक्ष्मीचे आसन, ते आपल्या वेदीवर कशाला?’ असे एक पक्ष विचारतो. ‘कमळ हे आपल्या देशाचे राष्ट्रीय फूल, ते नाकारणे म्हणजे परकेपणा मिरवणे होय,’ असे दुसरा पक्ष म्हणतो. मधल्या मध्ये धर्मशिक्षकाची ओढाताण होते, कारण लोक प्रश्न विचारतात ते त्याला.

ह्या दोन्ही पक्षांच्या बोलण्यामागे एकच गृहीतक आहे. फुलाचा अर्थ फुलालाच चिकटलेला असतो आणि फूल घेतले की तो अर्थही आपोआप घरात येतो, असे दोघेही मानतात. भारतीय अलंकरणकलेचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही, असे आम्हांस वाटते. फुलाला अर्थ देतो तो समाज. तो त्या फुलाशी कोणती कथा जोडतो, ते कोठे ठेवतो आणि कोणाला त्याच्याजवळ येऊ देतो, ह्यांवरून तो अर्थ ठरतो. म्हणूनच ख्रिस्तसभेला कोणतेही फूल वर्ज्य नाही. पण कोणतेही फूल घेण्याने येणारी जबाबदारीही तिला टाळता येत नाही. ह्या लेखात आम्ही प्रथम काही प्रमुख वनस्पतिचिन्हांचा मागोवा घेऊ, मग पवित्र शास्त्राची व आद्य ख्रिस्तसभेची साक्ष पाहू आणि शेवटी धर्मग्रामातील व्यवहाराकडे वळू.

कमळाचा प्रवास

भारतीय अलंकरणात कमळाइतके सर्वत्र आढळणारे फूल दुसरे नाही. चिखलात मूळ, पाण्यात देठ आणि पाण्यावर निर्लेप फुललेले फूल, अशी त्याची रचनाच अर्थ सुचविणारी आहे. पानावर पडलेले पाणी पानाला चिकटत नाही, हा दृष्टान्त भगवद्गीतेने आसक्तिरहित कर्मासाठी वापरला. विष्णूच्या नाभिकमळातून ब्रह्मदेव उत्पन्न झाला, लक्ष्मी कमळावर विराजमान झाली, आणि सृष्टी, शुद्धता व समृद्धी असे तीन अर्थ ह्या एका फुलाभोवती गोळा झाले.

परंतु दगडात कोरलेली प्राचीन व विपुल कमळे आपल्याला मिळतात ती बौद्ध स्तूपांवर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या व पहिल्या शतकांतील भारहूत व सांची येथील कठड्यांवर कमळांची वर्तुळे ओळीने कोरलेली आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर वर्तुळात वर्तुळ घालून कमळे व वेली रंगविल्या आहेत, आणि पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणी हातात कमळ धरून खाली पाहतो आहे. तेथे कमळ म्हणजे करुणा. अजिंठा हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्याचा भाग असल्याने त्या चित्रांची जपणूक व प्रसिद्धी येथूनही झाली. राज्याच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी ह्यांनी त्यांवरील मोठे ग्रंथ १९३० पासून संपादित केले. बौद्धांची कमळे एका मुसलमान विद्वानाने मुसलमान राजाच्या आश्रयाने जगापुढे ठेवली, ही गोष्ट हैदराबादकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

आम्ही राहतो त्या नारायणगुड्याहून चारमिनार काही किलोमीटरांवर आहे. १५९१ मध्ये उभारलेल्या ह्या वास्तूच्या मिनारांचे लहान घुमट दगडी पाकळ्यांच्या वलयांतून वर आलेले दिसतात. गोवळकोंड्याजवळील कुतुबशाही कबरींचे मोठे घुमटही असेच पाकळ्यांच्या वलयातून उठतात. ती पाकळी कमळाची आहे. तेथे ती देवतेचे आसन नाही. घुमटाचा गोल जेथे भिंतीतून सुटतो तो सांधा सुंदर करणे, एवढेच तिचे काम आहे. शतकानुशतके त्या खाली लोक कुराण पठण करीत आले आणि त्या पाकळ्यांमुळे आपली कबर देऊळ झाली असे कोणालाही वाटले नाही.

एक कमळ, आणि सांचीला एक अर्थ, देवळात दुसरा, कबरीवर तिसरा. कमळ हिंदूंचे की भारतीय, हा वाद मुळातच अपुरा आहे, हे एवढ्यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

कुयरी, बुट्टी व जीवनवृक्ष

कमळाबाबत जे दिसते ते वस्त्रांवरील व भांड्यांवरील नक्षीबाबत अधिकच दिसते. एका बाजूला निमुळते होऊन वळलेले जे टोकदार फळ आपण लुगड्याच्या पदरावर पाहतो, त्याला मराठी घरात कुयरी म्हणतात. नारायणगुड्यातील तेलुगू शेजारीण त्यालाच ‘मामिडी पिंदे’, म्हणजे आंब्याचे कोवळे फळ, म्हणते. इराणी परंपरेत ह्या आकृतीचे नाव ‘बूता’ असे आहे, म्हणजे झुडूप. काश्मिरी शालींवर सतराव्या शतकात ती मुळांसह उभे असलेले फुलझाड होती. पुढे झाडाचा शेंडा वाकला, फुले एकत्र दाटली आणि आजचा आकार सिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील पेझ्ली गावच्या विणकरांनी त्या शालींच्या नकला विणल्या आणि युरोपात त्या नक्षीला त्या गावाचेच नाव मिळाले. ज्याने जे झाड जवळून पाहिले ते त्याला त्या आकृतीत दिसले.

बिदरचे भांडे घ्या. जस्त व तांबे ह्यांच्या मिश्रणाचे ओतीव भांडे, त्यात कोरून बसविलेली चांदीची तार वा पत्रा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून केलेल्या लेपाने भांड्याला येणारा गडद काळा रंग, असे हे काम आहे. चांदी मात्र त्या लेपाने काळी पडत नाही. ह्या काळ्या भुईवर अफूची फुलझाडे, द्राक्षवेल आणि नाण्यासारखी गोल ‘अशर्फी की बूटी’ चमकू लागते. एकेक फुलझाड सुटे काढण्याची रीत मोगल दरबारातून दक्षिणेत आली, आणि त्या दरबारी शैलीवर युरोपीय वनस्पतिग्रंथांतील छापील चित्रांचाही प्रभाव होता असे कलेचे अभ्यासक मानतात. आपण ज्याला निखळ देशी समजतो त्या बुट्टीत असे अनेक देशांचे पाणी मुरलेले असते. पैठणीवरील कमळ, आसावलीची वेल व नारळी काठ ह्यांच्यामागेही मराठवाड्यातील विणकरांच्या पिढ्यांबरोबर राजाश्रयाचा, व्यापाराचा व परगावच्या नमुन्यांचा हात आहे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण जीवनवृक्षाचे. गोवळकोंड्याच्या राज्यातील मच्छलीपट्टण बंदरातून कलमकारी कापड इराणला व युरोपला जाई. त्यांतील मोठ्या पलंगपोसांवर एका टेकडीतून वर आलेले वळणदार झाड असे. त्याच्या फांद्यांवर डाळिंबे, कमळे आणि कोणत्याही एका देशात न उगवणारी फुले एकत्र फुललेली असत. हा वृक्ष भारतीय, इराणी, चिनी व युरोपीय हातांनी मिळून वाढविला. गिऱ्हाईक बदलले की त्याच्या फांद्याही बदलत. तरीही झाड पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यात काही तरी ओळखीचे दिसे : कोणाला कल्पवृक्ष, कोणाला जन्नतेतील झाड, कोणाला एदेन बागेच्या मध्यभागी असलेला वृक्ष.

झेंडू व कृष्णकमळ

ह्याहून स्पष्ट दोन उदाहरणे आपल्या अंगणातच आहेत. दसऱ्याचे तोरण झेंडूवाचून होत नाही. हैदराबादच्या गुडीमल्कापूर बाजारात सणाच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग पाहणाऱ्याला ते फूल वेदकाळापासून येथेच आहे असे वाटेल. वस्तुतः झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबसाच्या सफरीपूर्वी तो भारतात नव्हता. युरोपीय दर्यावर्दींनी अमेरिका गाठल्यानंतरच तो इकडे आला. त्याच्या मूळ देशात आजही १ व २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ कबरी झेंडूने सजवितात. नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत २ नोव्हेंबरला कुटुंबे मेणबत्त्या व फुले घेऊन येतात. कबरीवर झेंडूची माळ पाहून ‘ही हिंदू पद्धत आपल्यात शिरली’ असे म्हणणाऱ्याला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅथलिक कुटुंबे त्याच दिवशी तेच फूल कबरीवर ठेवीत आहेत, हे ठाऊक नसते.

कृष्णकमळाची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. मराठी घरात मुलांना हे फूल दाखवून सांगतात की भोवतालचे शंभर तंतू म्हणजे कौरव, आतले पाच परागकोश म्हणजे पांडव, वरचे तीन अग्र म्हणजे ब्रह्मा-विष्णु-महेश, आणि मध्यभागी श्रीकृष्ण. ही वेलही मूळची अमेरिकेतील. तेथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी तिच्यात प्रभूचे दुःखसहन पाहिले : तीन अग्रे म्हणजे तीन खिळे, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, दहा पाकळ्या म्हणजे पेत्र व यहूदा सोडून उरलेले दहा प्रेषित. युरोपीय भाषांत ह्या फुलाचे नाव त्यावरूनच पडले आहे. फूल एकच आहे. एका अंगणात ते कुरुक्षेत्र आहे आणि दुसऱ्या अंगणात कालवारी. धर्मशिक्षकाने वर्गात हे फूल नेऊन दोन्ही वाचने मुलांपुढे ठेवावीत. चिन्ह म्हणजे काय, हे समजावून देण्यास ह्याहून सोपे साधन आम्हांस माहीत नाही.

पवित्र शास्त्राची साक्ष

देवाच्या मंदिरात फुलापानांना जागा असावी काय, असे कोणी विचारले तर उत्तर शास्त्रातच आहे. निर्गमाच्या २५व्या अध्यायात दीपवृक्षाला बदामाच्या फुलांसारख्या वाट्या व कळ्या घडविण्याची आज्ञा आहे. २८व्या अध्यायात महायाजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबे लावलेली आहेत. शलमोनाच्या मंदिरात (१ राजे ६ व ७) भिंतींवर खजुरीची झाडे व उमललेली फुले कोरली होती, आणि दर्शनी खांबांच्या शिरोभागी डाळिंबांच्या रांगा व कमळासारखी घडण होती. त्या काळी मिसरमध्ये खांबांवर कमळे कोरण्याची रीत जुनी झालेली होती, आणि मंदिराचे धातुकाम करणारा कारागीर सोर नगरीहून आला होता. परक्या कारागिराच्या हातची, शेजारच्या राष्ट्रांतही रूढ असलेली नक्षी परमेश्वराच्या मंदिरात बसली. पण पडद्यामागे मूर्ती नव्हती, कराराचा कोश होता. नक्षीचा अर्थ तेथे बदलला तो त्या कोशामुळे.

डाळिंबाचे फळ कुराणातही नंदनवनाच्या वर्णनात येते, आणि पुढे युरोपीय चित्रकारांनी बाळ येशूच्या हातात ते दिले. जीवनवृक्ष उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे, तसाच प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात आहे, आणि तेथे त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. प्रेषित पेत्राने क्रूसाला ‘झाड’ ह्या अर्थाचा शब्द वापरला, त्यामुळे मधला दुवाही जुळला. द्राक्षवेल तर प्रभूने स्वतःच आपल्यासाठी घेतली.

आपल्या भाषेपुरती एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गीतरत्नात जेथे खोऱ्यातील लिलीचा उल्लेख आहे, तेथे मराठी भाषांतरकारांनी ‘भूकमळ’ हा शब्द योजला. वेदीवर कमळ असावे की नसावे हा वाद आपण घालण्यापूर्वीच ते मराठी शास्त्रवाचनात येऊन बसलेले आहे. त्याआधी, १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापल्या गेलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीची थोरवी गाताना उपमा शोधली ती इंग्लंडच्या कुरणात नव्हे. त्यांनी मोगरा घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) तर महाराष्ट्राने ‘फुलामुलांचे कवी’ म्हणूनच ओळखले.

आद्य ख्रिस्तसभेचा नकार व स्वीकार

तरीही फुलांच्या बाबतीत आद्य ख्रिस्तसभा निर्धास्त नव्हती, हे सांगितले पाहिजे. सुमारे इ.स. २११ मध्ये तेर्तुलियनने पुष्पमुकुटावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सैनिकांना बक्षीस वाटण्याच्या समारंभात एका ख्रिस्ती सैनिकाने लॉरेलच्या पानांचा मुकुट डोक्यावर घालण्यास नकार दिला होता, आणि तेर्तुलियनने त्याची बाजू घेतली. फुले पाहण्यासाठी व वास घेण्यासाठी आहेत, पण डोक्यावरील मुकुट देवतांना वाहिलेला आहे, आणि आपल्या प्रभूचा मुकुट काट्यांचा होता, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. त्या सैनिकाच्या दृष्टीने तो वादविषय सौंदर्याचा नव्हता. मुकुट घातला तर श्रद्धा नाकारल्यासारखे होत होते.

चौथ्या शतकात, छळ संपल्यावर, तोच मुकुट ख्रिस्ती शवपेटिकांवर कोरलेला दिसतो. त्याच्या मध्यभागी आता ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि खाली क्रूस आहे. मरणावरील विजयाचे ते चिन्ह झाले. त्याच शतकातील रोममधील सांता कोस्तांझाच्या छतावर द्राक्षांच्या तोडणीची चित्रे आहेत. ती मद्यदेव बाक्खसच्या चित्रांशी इतकी मिळतीजुळती आहेत की पुढे अनेकांनी त्या इमारतीला बाक्खसचे मंदिरच मानले. बाराव्या शतकातील सान क्लेमेन्तेच्या भित्तिरत्नचित्रात मात्र संदिग्धता उरलेली नाही : क्रूसाच्या बुंध्यातून एक वेल निघते आणि तिची वलये साऱ्या अर्धघुमटावर पसरतात.

पूर्वेकडील ख्रिस्तसभेनेही हेच केले. मद्रासजवळील संत तोमाच्या टेकडीवर १५४७ मध्ये सापडलेला, पहलवी लिपीतील लेख असलेला क्रूस पानांच्या आधारावर उभा आहे आणि त्याच्या बाहूंच्या टोकांना कळ्या आहेत. ह्याच जातीचे क्रूस केरळात अनेक ठिकाणी आहेत, आणि गोव्यात आगशीजवळ २००१ मध्ये एक मिळाला. त्या पानांना कोणी कमळ म्हणतो, कोणी सिरियाक परंपरेतील पर्णक्रूसाची पाने म्हणतो. चीनमधील शिआन येथील इ.स. ७८१च्या शिलालेखावर मात्र क्रूस स्पष्टपणे कमळावर उभा आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियानेही आपल्या बोधचिन्हात क्रूस व कमळ एकत्र गुंफले, आणि पाकळ्यांना अग्नीच्या जिभांचे रूप दिले. हैदराबादेतील आपल्या सीएसआय बंधूंच्या फलकांवर ते रोज दिसते.

आमच्या कॅथलिक वाचकांना हेही आठवेल की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही असे सांगितले, आणि एप्रिल १९६९ मध्ये भारतासाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांत फुलांच्या आरतीचाही समावेश होता.

एक गंभीर आक्षेप

येथवरच्या विवेचनावरून प्रश्न सुटला असे वाटेल. तो सुटलेला नाही. मराठवाड्यातून आलेल्या एका वयोवृद्ध धर्मशिक्षकांनी आम्हांस जे सांगितले ते येथे नोंदविणे आवश्यक आहे : “ज्या देवळाच्या उंबऱ्यापलीकडे आमच्या आजोबांना पाऊल टाकता आले नाही, त्याच्या चौकटीवर हेच कमळ होते. आता ते आमच्या वेदीवर आले, तर आम्ही कोठे जायचे?”

ह्या प्रश्नाला कलेच्या इतिहासाने उत्तर देता येत नाही. ते बोलत होते ते कमळाच्या उगमाविषयी नव्हे, त्याच्या वापराविषयी. आणि आमचेच प्रतिपादन असे आहे की अर्थ वापरातून येतो. ज्या आजोबांना त्या चौकटीजवळून हाकलले त्यांच्या दृष्टीने त्या फुलाचा अर्थ शुद्धता नव्हता, विटाळ होता. मराठी ईशज्ञानी अरविंद निर्मळ ह्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभापासून हेच परखडपणे मांडले : भारतीय ख्रिस्ती ईशज्ञान ब्राह्मणी परंपरेशी संवाद करण्यात रमले, आणि ज्या दलितांनी ख्रिस्तसभा भरली त्यांच्या वेदनेकडे त्याचे लक्ष गेले नाही. भारतीयीकरण म्हणून आपण जे स्वीकारतो ते कोणत्या भारताचे, हा प्रश्न प्रत्येक नक्षीला विचारला पाहिजे. त्यातच गेली अनेक दशके कमळ हे एका राजकीय पक्षाचे निवडणूकचिन्ह आहे, ही व्यावहारिक अडचणही आहेच. वेदी कोणत्याही पक्षाची दिसता कामा नये.

परंतु ह्या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे, आणि ती दलितांच्याच इतिहासात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांसह ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांच्या विहारांत बुद्ध कमळावर बसलेला असतो. त्या धर्मशिक्षकांच्या गावातील बौद्ध नातलगाला तेच फूल जातीच्या जाचातून सुटल्याची खूण वाटते. दुसरे उदाहरण बिशप अझरिया ह्यांचे. ते १९१२ मध्ये दोर्नकल येथे अँग्लिकन ख्रिस्तसभेचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांचा जन्म तमिळनाडूतील नाडार समाजातला; ह्या समाजाला पुष्कळ देवळांत प्रवेश नव्हता. त्यांचा बहुतेक कळप माला व मादिगा ह्या अस्पृश्य मानलेल्या जातींतला होता. ह्याच मनुष्याने हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती वास्तुरूपे एकत्र आणून दोर्नकलचे कथीड्रल बांधले, आणि ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, ते अर्पण झाले. ज्यांना बाहेर ठेवले गेले होते त्यांना ती रूपे आपलीच आहेत असे म्हणण्याचा हक्क आहे, असे त्या वास्तूकडे पाहून वाटते.

मात्र तो हक्क ज्याचा त्यानेच बजावायचा असतो. धर्मगुरूने वरून कमळ आणून बसविले तर ती पुन्हा एक सक्ती होते. दोर्नकलचे उदाहरण देऊन त्या वृद्ध धर्मशिक्षकांचे तोंड बंद करणे हे अझरियांच्या कार्याच्या अगदी उलट होईल.

धर्मग्रामात काय करावे

ह्या सर्वांतून काही व्यवहार्य सूचना निघतात, त्या आम्ही धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या विचारार्थ ठेवतो.

पहिली गोष्ट, नक्षीपूर्वी शिकवण व्हावी. ज्या फुलाला शास्त्रातील वचनाचा किंवा ख्रिस्तसभेच्या परंपरेचा आधार आपण दोन वाक्यांत सांगू शकत नाही, ते वेदीजवळ कोरू नये. कारागिराच्या वहीतील नमुना सुंदर आहे एवढे कारण पुरेसे नाही.

दुसरी गोष्ट, निवडीला क्रम असावा. द्राक्षवेल, गव्हाची कणसे, डाळिंब, खजुरीची झावळी व जीवनवृक्ष ही चिन्हे शास्त्रातूनही येतात आणि बिदरी, कलमकारी व पैठणी ह्या दक्षिणेतील कलांतूनही येतात. वाद न होता दोन्ही परंपरा जुळतात त्या येथे. बिदरच्या कारागिराला द्राक्षवेल नव्याने शिकवावी लागत नाही. ती त्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मच्छलीपट्टणच्या जीवनवृक्षाखाली क्रूस आला की सान क्लेमेन्तेचे चित्र आपल्याच मातीत उगवते.

तिसरी गोष्ट, कमळासारख्या ज्या चिन्हांविषयी मतभेद आहेत त्यांबाबत पॅरिश कौन्सिलमध्ये प्रथम त्यांना बोलू द्यावे ज्यांच्या पूर्वजांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. त्यांचे मत बहुमताच्या हिशेबात बुडवू नये. त्यांची संमती असेल तर कमळ क्रूसाच्या पायथ्याशी, आधार म्हणून, यावे. क्रूसाच्या जागी कधीही येऊ नये. संमती नसेल तर थांबावे. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी पौलाने करिंथकरांना जे लिहिले (१ करिंथ ८) ते येथे अक्षरशः लागू पडते : जे आम्हांस ज्ञानाने मोकळे आहे, ते बंधूच्या प्रेमापोटी सोडता आले पाहिजे.

चौथी गोष्ट, जिवंत फुलांविषयी. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांप्रमाणे फुलांची सजावट माफक असावी आणि ती वेदीच्या वर नव्हे, तर वेदीभोवती असावी. प्रायश्चित्तकाळात, त्यातील चौथा रविवार, महोत्सव व सण सोडून, वेदी फुलांनी सजवू नये. ही मोकळी वेदीही एक चिन्हच आहे. पुनरुत्थानाच्या पहाटे फुले परत येतात तेव्हा लहान मुलालाही अर्थ कळतो. कापडाची व प्लास्टिकची फुले मात्र बारा महिने सारखीच असतात आणि त्यामुळे काहीच सांगत नाहीत.

शेवटी, महागड्या फुलांचा हट्ट नसावा. तेलंगणात भाद्रपद-आश्विनात बतुकम्मा रचतात ती तरवड, कुरडू अशा माळावरच्या फुलांनी. तो गौरीचा उत्सव आहे आणि त्याची नक्कल आपण करावयाची नाही. पण कोणाच्याही बागेत नसलेल्या फुलांना तेथे जो मान मिळतो तो पाहण्यासारखा आहे. प्रभूने शलमोनाच्या वैभवाशी तुलना केली ती राजाच्या उद्यानातील फुलांची नव्हे, रानातील फुलांची. धर्मग्रामातील सर्वांत गरीब कुटुंबाच्या मुलीने रस्त्याच्या कडेने खुडून आणलेला तरवडाचा पिवळा तुरा वेदीच्या पायथ्याशी ठेवता येत नसेल, तर टॅबर्नॅकलच्या दारावर कोणते फूल कोरावे ह्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

नारायणगुडा, हैदराबाद